नागोरावबप्पांचं दीव

आमच्या गल्लीत कुणी वारलं की तिसऱ्या दिवशी नागोरावबप्पा त्या घरी जायचे. सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसायचे. आणि उठता उठता घरातल्या कर्त्या माणसाचा हात हातात घेऊन हळूच सांगायचे, "तेरावं उरकलं की चार दिवस दीवला जाऊन या."

रडून डोळे सुजलेल्या माणसाला 'दीव म्हणजे काय' हे विचारायचंही सुचायचं नाही. आमच्या समोरच्या पवारांना वाटलं, हे एखादं तीर्थ असेल. त्यांनी भटजींना विचारलं, "अस्थी पैठणला सोडायच्या का दीवला?" आता 'मला ठाऊक नाही' असं भटजी कधी म्हणतात का? ते म्हणाले, "दीवलाही चालतात, पण त्याचा विधी वेगळा."

दीव हे तीर्थ नाही. गुजरातच्या पार खालच्या टोकाला, जमिनीपासून वीतभर सुटलेलं एक चिमुकलं बेट आहे. पोर्तुगीजांचा जुना किल्ला, दोन-चार पांढरी चर्चेस, कोळ्यांच्या होड्या, आणि दुपारी जेवण झालं की फळ्या ओढून झोपून जाणारा बाजार. एवढंच. पण बप्पांच्या दृष्टीनं माणसाच्या सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध होतं. पोरगा दहावीला आपटला? दीवला न्या. पित्त उसळलं? दीव. सासू-सुनेचं पटत नाही? "दोघींना एका गाडीनं पाठवू नका. एकीला आधी पाठवा, ती माघारी आली की दुसरीला. सहा महिन्यांत भांडण मिटतं. न मिटायला काय झालं, भेटच होत नाय!"

मी सरळ सांगते, मला या माणसाचा संताप यायचा.

मी तेव्हा कॉलेज संपवून पाण्याच्या आंदोलनात पडले होते. औरंगाबादला मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं आमची गल्ली. पैठणचं धरण बसनं तासाभरावर, आणि आमच्या नळाला पाणी यायचं ते सोडणाऱ्याच्या मर्जीनं. आलं तर कधी येईल ते सांगायची पद्धत नव्हती. मी पत्रकं लिहायचे. 'हे पाणी कुणाचं?', 'धरण भरलं, हंडे रिकामे का?' अशी. रात्रभर जागून लिहिलेलं पत्रक सकाळी बप्पांच्या हातात दिलं की ते चष्मा कपाळावर चढवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि म्हणायचे, "झकास लिव्हलंय, पुढारीबाई. पर तुमचं डोकं लई तापतंय. चार दिवस..."

"दीवला जाऊन या. माहिती आहे."

"हौ. मग जात का नाय?"

एकदा आम्ही पाण्याच्या साहेबांना द्यायच्या निवेदनावर सगळ्या गल्लीच्या सह्या घेतल्या. बप्पांनी सही केली आणि सहीखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'साहेबांनी सवडीने चार दिवस दीव येथे जाऊन यावे. डोके थंड राहते.' मोर्चाबरोबर निवेदन तसंच गेलं. साहेबांनी ते वाचलं. पाण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बप्पांना मात्र जवळ बोलावून विचारलं, "तिकडं राहण्याजेवणाची सोय कशी काय आहे?" आणि बप्पा अर्धा तास सांगत बसले! आमच्या मोर्चातल्या बायका हंडे घेऊन बाहेर उन्हात, आणि आत आमचा ज्येष्ठ कार्यकर्ता साहेबांना दीवचा किल्ला समजावून सांगतोय.

बप्पा मूळचे सोयगावकडचे, शेतकरी घरातले. नोकरी एसटीत, बसस्टँडवरचे कंट्रोलर. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते लाउडस्पीकरवरून सांगण्यात हयात गेली. निवृत्त झाले तरी नाकातला तो आवाज निवृत्त झाला नाही. घरी पाहुणे उठले की बप्पा ओट्यावरून पुकारायचे, "मुकुंदवाडीहून पैठणकडं जाणाऱ्या पाव्हण्यांनी आपापल्या पिशव्या तपासून घ्याव्यात. चष्मा, कवळी, लेकरं." कुणी बोलता बोलता विषय सोडून भरकटलं, की म्हणायचे, "तुमची गाडी फलाट चुकली." आणि कुणी एखाद्या गोष्टीची घाई केली, की मान हलवायचे. "घाई कशाची? मी दुसरीत गेलो आन् निजामावर पोलीस ॲक्शन झाली. उर्दू शाळा मराठी झाली. मास्तर म्हणले, नागोराव, अलिफ-बे इसर, पुन्हा पहिलीत बस. बसलो. काय बिघडलं? मराठवाडा आझाद झालाच की." त्या पहिल्या पहिलीतली उर्दू मात्र त्यांच्या जिभेवर तशीच राहिली. त्यांचा आवडता शब्द होता 'फुरसत'. तो ते असा उच्चारायचे की जणू जिभेखाली खडीसाखर आहे.

आता हा मराठवाड्यातला माणूस, ज्यानं समुद्र फक्त कॅलेंडरवरच बघितला, तो दीवला पोचला कसा? त्याची कथा बप्पा स्वतः सांगायचे नाहीत. ती त्यांच्या मेहुण्यानं फोडली.

निवृत्तीनंतर बप्पा नातेवाइकांबरोबर सोमनाथला गेले होते. दर्शन झालं, परतीच्या गाडीसाठी सगळे स्टँडवर आले. गाड्यांच्या पाट्या गुजरातीत. मेहुणा म्हणाला, "दाजी, कुणाला तरी विचारा." बप्पांना तो अपमान वाटला. ज्यानं उभी हयात दुनियेला गाड्या सांगितल्या, त्यानं दुसऱ्याला गाडी विचारायची? बप्पांनी छाती पुढं काढून एका गाडीकडं बोट केलं, "हीच," असं म्हणून स्वतः आधी चढले आणि खिडकीची जागा धरली. मेहुण्यानं खालच्या माणसाला विचारलं, आणि तो चढलाच नाही. तो खालून ओरडत होता, "दाजी, उतराऽऽ!" बप्पांनी खिडकीतून पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं, पण आता उतरणं म्हणजे गाडी चुकली हे कबूल करणं. ते नाकातून म्हणाले, "माझी हीच हाय." आणि गेले.

इथून पुढचं मात्र बप्पा स्वतः सांगायचे. दीवला उतरले तेव्हा टळटळीत दुपार. दुकानं बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा आडवं. धक्क्याच्या भिंतीवर एकटेच बसले. तिथं त्यांच्या लक्षात आलं, की आयुष्यात पहिल्यांदा आपण अशा जागी आहोत जिथं कुणी पुकारत नाही. गाडी नाही, भोंगा नाही, 'कंट्रोलर, आमची कवा लागंल?' नाही. पुढं नुसतं पाणी. "एवढं पाणी," बप्पा सांगायचे, "आन् त्याच्यापुढं एकसुद्धा हांडा नाय."

तेव्हापासून दर थंडीत बप्पा चार दिवस दीवला जायचे. एकटे.

गल्लीत याची कुजबुज होती. गुजरातेत दारूबंदी, आणि दीवला खुलं, एवढी माहिती आमच्या गल्लीला भूगोलाच्या पुस्तकाशिवायच होती. पुरुष मंडळी डोळा मारायची, "म्हातारं रंगेल हाय." वास्तविक बप्पा चहासुद्धा बशीत अर्धाच घ्यायचे, उरलेला अर्धा काकींना ठेवायचे. मला त्यांच्या दारूची शंका नव्हती. माझा राग वेगळाच होता. माझा राग गयाकाकींच्या बाजूनं होता.

गयाकाकी म्हणजे बप्पांच्या घरच्या. बुटक्या, काटक, पदर कायम कमरेला. त्या आमच्या गल्लीचा कान होत्या. नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून हवा येते, एक बारीक फुस्स असा श्वास. तो श्वास गल्लीत फक्त काकींना ऐकू यायचा. झोपेत, स्वयंपाकात, देवाला हात जोडलेले असताना. त्या ओट्यावर येऊन "आलंऽऽ!" अशी हाक द्यायच्या, आणि सगळी गल्ली हंडे, बादल्या, मोटारी घेऊन पेटून उठायची. ही हाक चुकली असं कधी झालं नाही. आणि हाक चुकू नये म्हणून काकी कधी कुठं गेल्या नाहीत. सख्ख्या पुतणीचं लग्न पैठणला होतं. हळदीला गेल्या आणि अक्षता पडायच्या आत माघारी आल्या. का, तर पाण्याचा दिवस.

म्हणजे बघा. नवरा समुद्रावर हवा खातो, आणि बायको नळाला कान लावून बसते. यावर पत्रक निघायला नको? मी बप्पांना त्यांच्याच ओट्यावर गाठलं.

"बप्पा, दरवर्षी एकटेच जाता. काकींना कधी नेलंत?"

"मी चल म्हणतो. ती येत नाय."

"कशा येतील? तुम्ही कधी एक हंडा भरलात?"

"ती भरू देत नाय. म्हणती, तुम्ही सांडता."

"मग सांडा! पण भरा!"

आतून काकींचा आवाज आला. "अगं पोरी, त्यांच्यावर कशाला वरडती? मला कुठं जायचंय? आन् मी गेले, आन् पाणी आलं मंग?"

बप्पांनी हातानं मला 'बघ' अशी खूण केली. थट्टा करायचा त्यांचा रोजचा चेहरा त्या वेळी नव्हता. ते खाली बघून सुपारी कातरत राहिले. जरा वेळानं हळू आवाजात म्हणाले, "पुढारीबाई, ती झोपती कशी, ठाव हाय? एक डोळा मिटून. लगीन झाल्यापून मी तिला गाढ झोपलेली बघितली न्हाई. मी जागा झालो की ती जागीच. एकडाव तिला तिथं न्यायचंय. कसं न्यायचं तेवढं सांगा. मोर्चा काढायचा तर काढू."

आता मागणी स्पष्ट झाली होती, आणि मागणी स्पष्ट झाली की मला जोर येतो. मी म्हणाले, गल्ली तुमचं पाणी भरेल, चार दिवसांचा प्रश्न आहे. काकी म्हणाल्या, "आन् गल्लीला हाक कोण मारील?" रजियाआपा म्हणाल्या, "मैं मारती ना, काकी. मेरा आवाज क्या कम है?" रजियाआपा आमच्या गल्लीच्या शिवणकाम करणाऱ्या, आवाज असा की शिवणयंत्र लाजावं. काकी म्हणाल्या, "आवाज हाय गं, पर तुला कान कुठंय?" तीन दिवस वाटाघाटी चालल्या. निष्फळ.

शेवटी तोडगा बप्पांनीच काढला. "ती म्हणती, गल्लीला हाक कोण मारील. मग जिला हाक मारायची ती गल्लीच उचलून नेली तर? सगळ्या बाया बसमंदी. हितं ठिवायचे फकस्त बाप्ये."

"आणि पाणी?"

"बाप्ये भरतील."

सगळ्या गल्लीला एकदम ठसका लागला.

मी त्याच दिवशी पत्रक काढलं. मथळा: 'पुरुषांनो, नळ ओळखा!' लोकांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. रविवारी बप्पांनी गल्लीतल्या पुरुषांना शिकवणीला उभं केलं, तेव्हा माझे सख्खे वडील, ज्यांच्या नावावर घर आहे, त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आपल्या टाकीचं झाकण कुठल्या बाजूला हाय?" रजियाआपांचे सलीमभाई मोटारीचं बटण समजून शेजारच्यांची बेल वाजवत होते. पवारांनी पिण्याच्या हंड्यावर गाळणं लावलं ते चहाचं. आणि बप्पा मधोमध उभे राहून शिट्टी मारून पुकारत होते, "लक्ष द्या! पिण्याचं पाणी फलाट एकवर लागत हाय! सांडायचं पाणी फलाट दोनवर! पाइप पायात घेणाऱ्यांनी आपल्या जिम्मेदारीवर पडावं!"

काकी ओट्यावरून हे सगळं बघत होत्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ही माणसं न्हाईत. हे नुस्ते हांडे हायेत. पर असू द्या. भरलेले तरी दिसतील." आणि आत जाऊन गाठोडं बांधायला लागल्या. बप्पांनी शिट्टी तोंडातून काढली आणि पुन्हा घालायची विसरले.

आमची बस निघाली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक बाईच्या पायाशी पाण्याचा कॅन होता. काहींच्या दोन. रजियाआपांचा हिशेब सोपा होता. "वहाँ का पानी खारा रैता बोलते. अपना पानी अपने संग रखना." समुद्राला घरून पाणी घेऊन निघालेली ती बहुधा पहिलीच बस असेल. बसमधे एकटा पुरुष म्हणजे बप्पा, ड्रायव्हर सोडून. प्रत्येक थांब्यावर उतरून पुकारत, "गाडी धा मिन्टं थांबंल! ज्यांच्या पोटात मळमळतंय त्यांनी खिडक्या बदलाव्यात!" धुळं गेलं, सुरत गेलं, दुसऱ्या दिवशी हवेला खारट, ओलसर वास यायला लागला. काकींनी नाक वर करून विचारलं, "कुठं फुटलीय पाइपलाइन?"

दीवच्या पुलावरून बस जाताना दोन्ही बाजूंनी पाणी दिसलं. सगळ्या बायका गप्प झाल्या. मी आमच्या गल्लीतल्या इतक्या बायका एका वेळी गप्प झालेल्या कधी बघितल्या नव्हत्या. मग आमच्या शेजारच्या मंगलवैनींनी हात जोडले आणि म्हणाल्या, "ह्याच्यातलं हांडाभर गोड निघालं आसतं तर!"

बप्पा ज्या लॉजवर उतरायचे ते धक्क्याला लागून होतं. मालक जीवाभाई, गुजराती, ढेरी मोठी आणि आवाज लहान. बप्पांच्या मागून काकी पायऱ्या चढल्या, तसे ते गल्ल्यावरून उठलेच. हात जोडून म्हणाले, "आ गये, बेन? आप की गाडी को बहुत देर लगी."

काकींना वाटलं, आमच्या बसबद्दल बोलतायत. "व्हय हो, सुरतला चाक पंक्चर झालं." बप्पांनी घाईघाईनं पिशव्या उचलल्या. मला ते जरा विचित्र वाटलं, पण प्रवासानं अंग आंबलं होतं. मी झोपले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वरच्या मजल्यावरून हाक आली, "आलंऽऽ!"

पुढं काय झालं ते नीट सांगायला हवं. लॉजमधल्या कुणीतरी पाहुण्यानं तोंड धुवायला नळ सोडला असणार. पाइपातून हवा गेली, फुस्स झालं. बस्स. काकींनी हाक दिली, आणि औरंगाबादच्या सगळ्या बायका झोपेतून थेट नळावर. कुणाला आपण कुठं आहोत याचं भान नाही. बादल्या, प्लास्टिकचे मग, तांबे, रिकामे झालेले कॅन, सगळं भरलं. मंगलवैनींनी थर्मास भरला. रजियाआपांनी खोलीतली कचऱ्याची प्लास्टिक टोपली धुऊन भरली आणि ती गळते म्हणून खाली बशी लावली. कुणीतरी टेबलावरची फुलदाणी भरली, त्यातली कागदी फुलं बाहेर काढून. मीसुद्धा! मी, जिनं 'आम्ही हंडा घेऊन उभ्या राहणार नाही' असं पत्रक लिहिलंय, ती दोन्ही हातांत दोन ग्लास घेऊन रांगेत उभी होते.

जीवाभाई बनियनवर पळत आले. "शुं थयुं? आग लगी क्या?"

"पानी आया!" रजियाआपा ओरडल्या. "तुमारे बर्तन किधर हैं? लाओ, जल्दी! फिर जाता!"

"अरे बेन, कहाँ जाता? चौबीस घंटे आता है!"

कुणी विश्वास ठेवीना. 'चोवीस तास' हे शब्द आम्ही निवडणुकीच्या सभेत ऐकले होते. भरणं चालूच राहिलं. आणि मग नळ घरघरला, दोन थेंब टाकले, आणि बंद पडला. गच्चीवरची टाकी रिकामी झाली होती. दीवमधे पाणीटंचाई आणण्याचा मान औरंगाबादच्या बायकांना मिळाला.

"बघा," काकी शांतपणे म्हणाल्या. "म्हणत नव्हते? गेलं."

जीवाभाई कपाळाला हात लावून पंप सुरू करायला गेले. बप्पा जिन्याच्या कठड्याला धरून इतके हसले की खाली बसले. पण काकी हसल्या नाहीत. सगळ्या बायका न्याहारी करून समुद्रावर पळाल्या, काकी मात्र न्हाणीघराच्या दाराशी पाट मांडून बसल्या. बप्पा त्यांच्याशेजारी. "चल ना, गया. समुद्र बघू." "तुम्ही जावा. मी हाय हितं." पहिला दिवस असा गेला. दुसरा दिवसही जवळजवळ तसाच. इतक्या लांब आणून बप्पांच्या हाती काय लागलं, तर काकींचा नळ बदलला.

मी धुमसत होते. काकींवर नाही, तो नळ ज्यांनी त्यांच्या डोक्यात बसवला त्यांच्यावर. संध्याकाळी लॉजच्या दारात उभी होते. जीवाभाईंनी आतून दोन वेताच्या खुर्च्या आणल्या आणि धक्क्याच्या बाजूला शेजारी शेजारी मांडल्या.

"या कुणासाठी?" मी विचारलं.

"बप्पाजी के लिए."

"दोन?"

जीवाभाई जरा घुटमळले. मग म्हणाले, "हर साल दो. कमरा भी दो जन का लेते हैं. पहले साल मैंने पूछा, बेन कहाँ है? बोले, पीछे की गाडी से आ रही है. दुसरे साल भी वही बोले. शाम को दो कुर्सी रखवाते, एक पे खुद बैठते. फिर मैंने पूछना छोड दिया. कुर्सी रख देता हूँ." त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं दुसरी खुर्ची पुसली. "मैं तो समझा था, वो हैं ही नहीं."

त्या संध्याकाळी खुर्च्या मात्र दोन्ही रिकाम्याच राहिल्या. बप्पा वर, न्हाणीच्या दारात, पाटावर बसले होते.

शेवटच्या दिवशी आमची बस गंगेश्वराला गेली. गावापासून थोडं दूर, समुद्राच्या काठाशी खडकाची कपार आहे. पायऱ्या उतरून गेलं की खाली पाच पिंडी. भरतीला लाटा थेट आत येतात आणि महादेवाला अंघोळ घालतात. देवाचं काम आहे म्हटल्यावर काकी नळ सोडून आल्या. पण आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी. पिंडी ओल्या, आणि पाणी पार मागं गेलेलं.

काकींनी एकदा पिंडीकडं बघितलं, एकदा बप्पांकडं. "हितं बी गेलं का?"

"येतं."

"कवा?"

"जेवणं उरकली की येतं. रोज येतं. आपल्या ठरल्या टायमाला. त्याची गाडी कधी रद्द होत नाय."

"सोडतं कोण?"

"कुणी नाय."

"कॉक कुठंय?"

"कॉकच नाय, गया."

काकींना हे पटणं शक्यच नव्हतं. न सांगता, न हाक मारता, कुणी न उठता पाणी येतं म्हणजे काय? त्यांनी पदर खोचला आणि वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या. "मी बघतेच. येतं कसं, ते." बप्पा म्हणाले, बघ. आम्ही बाकीच्या बायका किल्ला बघायला गेलो. रजियाआपा जाता जाता म्हणाल्या, "बिचारे बप्पा. दर्या दिखाने लाये, और काकी दर्ये का टाइम देखने बैठी."

किल्ला झाला, तोफा झाल्या, सगळ्यांचे फोटो झाले. लॉजवर परतायची वेळ झाली तशी दोघांना घ्यायला बस पुन्हा गंगेश्वरापाशी थांबली. मी एकटी उतरून पायऱ्यांकडं गेले. वरूनच ऐकू आलं. पाणी आलं होतं. एकेक लाट कपारीत शिरत होती, पाचही पिंडींवरून फुटत होती, आणि पांढरी होऊन मागं जात होती. काय तो आवाज! आमच्या गल्लीतल्या सगळ्या नळांचा वर्षभराचा आवाज एकत्र केला तरी त्यापुढं कमी. मला वाटलं, आता काकींचा चेहरा बघायला हवा. मी हाक मारायला तोंड उघडलं.

काकी झोपल्या होत्या.

भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड जरा उघडं, पदर सुटलेला. एक डोळा मिटून नव्हे, दोन्ही. श्वास लांब, सावकाश. हातभर अंतरावर एवढं पाणी आदळत होतं आणि त्यांना खबर नव्हती. दिवसा दोन घटका एका बाईचा डोळा लागावा म्हणून तिला महाराष्ट्र ओलांडून गुजरातेच्या शेवटच्या खडकावर आणावं लागतं, याची चीड मला आजही येते, आणि ती मी जिथं जाईन तिथं बोलणार आहे. पण त्या क्षणी चीड आली नाही. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

बप्पा समुद्राकडं बघतच नव्हते. ते तिच्याकडं बघत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी खुणेनं विचारलं, बस?

"जाऊ द्या," ते अगदी हळू, नाकातला आवाज अजिबात न लावता म्हणाले. "आम्ही मागून येतो."

"उठवायचं नाही का?"

"नको."

"पाणी आलं ते त्यांना बघायचं होतं ना, बप्पा."

"आलं न्हवं? तिच्याबिगर आलं. बास झालं." त्यांनी काकींच्या पायातल्या चपला अलगद काढल्या आणि वरच्या पायरीवर ठेवल्या. मग स्वतः उठून दोन पायऱ्या खाली जाऊन बसले, पाण्याच्या अंगाला, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन. लाट आलीच वर, तर आधी त्यांना लागली असती.